एका खडकाचे दोन भाष्यकार

सृष्टीच्या प्राचीनतेचा विषय निघाला की आपल्या मंडळ्यांतील चर्चा बहुधा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील 'दिवस' किती लांबीचा, या मुद्द्यापाशी येऊन थांबते. हा मुद्दा क्षुल्लक आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु पृथ्वी आणि तिच्यावरील जीवसृष्टी यांचा एकत्रित इतिहास शोधणाऱ्या भूजीवशास्त्राने गेल्या काही दशकांत जो प्रश्न पुढे आणला आहे, तो याहून खोल जाणारा आहे. या प्रदीर्घ इतिहासाला काही रोख आहे काय? मनुष्य येथे आला तो येणारच होता म्हणून, की अपघातांच्या एका लांबलचक मालिकेतून कसाबसा निसटून? महाविद्यालयात शिकणारा तरुण पाळकाकडे हा प्रश्न घेऊन येतो, तेव्हा त्याला वर्षांचे आकडे नको असतात. आपल्या असण्यामागे कोणाचा हेतू आहे की नाही, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते.

या प्रश्नाला दोन नामांकित शास्त्रज्ञांनी एकाच खडकाच्या आधारे परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत. अमेरिकेतील स्टीफन जे गूल्ड यांचा 'वंडरफुल लाइफ' हा ग्रंथ १९८९ साली निघाला. केंब्रिजचे सायमन कॉन्वे मॉरिस यांनी त्याला १९९८ साली 'द क्रूसिबल ऑफ क्रिएशन' या ग्रंथाने उत्तर दिले आणि २००३ साली 'लाइफ्स सोल्यूशन' या मोठ्या ग्रंथात आपली बाजू विस्ताराने मांडली. पहिले ग्रंथकार ज्यू कुळात जन्मलेले, पण स्वतः श्रद्धावान नसलेले, दुसरे ख्रिस्ती. त्यामुळे पहिला ग्रंथ आपल्या विरोधकाचा आणि दुसरा आपल्या घरचा, अशी वाटणी करण्याचा मोह आपल्या वाचकांस होणे स्वाभाविक आहे. तो मोह आवरावा, एवढ्यासाठीच हे परीक्षण आम्ही लिहीत आहोत.

आमचा अभिप्राय आरंभीच सांगून टाकतो. ग्रंथ तिन्ही वाचनीय आहेत. परंतु ईश्वरी योजनेच्या सिद्धांताचा पाया म्हणून त्यांपैकी एकही व्यासपीठावर नेण्याजोगा नाही. जे आकस्मिक ते देवाच्या हातचे नव्हे, असे गूल्ड यांनी गृहीत धरले आहे, आणि कॉन्वे मॉरिस यांनी ते गृहीत पुरतेपणी नाकारलेले नाही. पवित्र शास्त्राला मात्र ते मान्य नाही.

१. खडक

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, रॉकी पर्वतातील फील्ड या लहानशा गावाच्या वरच्या अंगास बर्जेस शेल नावाचा खडक आहे. त्याचे वय सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षे. जीवाश्म म्हटले की शिंपले, हाडे, दात अशा टणक भागांचेच ठसे सामान्यतः मिळतात. मऊ शरीरे कुजून नाहीशी होतात. येथे मात्र समुद्रतळावर वाहून आलेल्या बारीक चिखलाने प्राण्यांना अकस्मात झाकून टाकले, आणि त्यांची आतडी, कल्ले, पायांवरील केससुद्धा कार्बनाच्या पातळ पटलाच्या रूपाने टिकून राहिले.

हा साठा १९०९ साली चार्ल्स वॉलकॉट यांस सापडला. ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख आणि निष्ठावंत प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती होते. त्यांनी पासष्ट हजारांहून अधिक नमुने गोळा केले, त्यांची प्राथमिक वर्णने प्रसिद्ध केली, आणि जवळजवळ प्रत्येक प्राणी आजच्या कोणत्या ना कोणत्या ज्ञात गटात नेऊन बसविला. कारभाराच्या रगाड्यात पुन्हा सावकाश अभ्यास करण्यास त्यांस सवड मिळाली नाही. १९२७ साली त्यांचे निधन झाले, आणि नमुने कपाटांत पडून राहिले.

या खडकाचा कसून फेरअभ्यास केंब्रिजचे हॅरी व्हिटिंग्टन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, डेरेक ब्रिग्ज व कॉन्वे मॉरिस, यांनी १९७० नंतरच्या दशकात केला. जे दिसू लागले ते विलक्षण होते. ओपाबिनिया या प्राण्यास पाच डोळे आणि पुढे सोंडेसारखी नळी होती; १९७२ साली ऑक्सफर्डच्या सभेत त्याचे चित्र दाखविले तेव्हा जमलेले विद्वान हसू लागले, असे सांगतात. अनोमॅलोकॅरिसची कथा याहून बोधप्रद आहे. त्याच्या पुढच्या अवयवाला पूर्वी कोळंबीसारखा एक प्राणी समजत आणि त्याच्या वर्तुळाकार तोंडाला जेलीमासा. १९८५ साली व्हिटिंग्टन व ब्रिग्ज यांनी दाखवून दिले की हे सारे एकाच मोठ्या शिकारी प्राण्याचे तुकडे आहेत.

२. गूल्ड यांचे प्रतिपादन

या संशोधनाची कथा गूल्ड यांनी नाटकाप्रमाणे अंक पाडून सांगितली आहे, आणि ती इतकी रंगली आहे की शास्त्राचा गंध नसलेला वाचकही शेवटपर्यंत सोडवत नाही म्हणून वाचीत राहतो. किचकट शरीररचनेचे वर्णन करतानाही ते वाचकाला कमी लेखीत नाहीत. एखादा शब्द कठीण असला तर तो समजावून देतात, पण टाळीत नाहीत. धर्मशिक्षण देणाऱ्यांनी हा गुण उचलण्यासारखा आहे.

त्यांचा मुद्दा असा. बर्जेस शेलमध्ये पंधरा-वीस प्राणी असे आहेत की ज्यांना आजच्या कोणत्याही संघात जागा नाही. म्हणजे आरंभी शरीररचनेचे प्रकार पुष्कळ होते आणि पुढे त्यांतील बहुतेक नाहीसे झाले. कोणते उरावेत हे त्या काळी कोणा तज्ज्ञालाही सांगता आले नसते. उरलेले सरस होते असे मानण्यास पुरावा नाही. जीवसृष्टीच्या इतिहासाची फीत मागे नेऊन पुन्हा चालविली तर दरवेळी निराळे चित्र दिसेल, आणि त्यात मनुष्य दिसण्याचा संभव जवळजवळ नाही. ग्रंथाच्या शेवटी ते पिकाइया नावाच्या सुमारे दोन इंच लांबीच्या प्राण्याकडे बोट दाखवितात. त्याच्या पाठीत पृष्ठरज्जू होता. तो त्या संहारातून वाचला नसता तर पृष्ठवंशी प्राणी नाहीत, आणि आपणही नाही.

ग्रंथाचे नाव त्यांनी 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या १९४६ सालच्या चित्रपटावरून घेतले आहे. त्यात जीव द्यावयास निघालेल्या एका गृहस्थाला, तो जन्मालाच आला नसता तर त्याच्या गावाचे काय झाले असते, हे दाखविले जाते. एका लहान कारणाने सारा इतिहास बदलतो, हे गूल्ड यांना त्यातून घ्यावयाचे आहे. पण ते दृश्य त्या गृहस्थाला कोण दाखवितो? लोकांच्या प्रार्थना ऐकून पाठविलेला देवदूत. म्हणजे ज्या कथेतून गूल्ड यांनी आकस्मिकतेचे उदाहरण घेतले, त्या कथेत आकस्मिकता आणि देवाची काळजी एकमेकींना छेद देत नाहीत. एकाच जीवाचे मोल दोन्ही मिळून सांगतात. गूल्ड यांनी उदाहरण घेतले आणि त्याचा निम्मा अर्थ मागे ठेवला. आमच्या मते संपूर्ण ग्रंथाची मर्यादा येथेच दिसते. एखादी घटना आधी सांगता आली नसती, येथपर्यंत पुरावा आपल्याला नेतो. ती कोणाच्या मनात नव्हती, हे त्या पुराव्यात कोठेही नाही. गूल्ड पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी घेतात आणि मग मनुष्याने आपला मार्ग स्वतःच ठरवावा, असा उपदेश करतात. तो उपदेश उदात्त असेल. शेलच्या थरांतून मात्र तो निघत नाही.

वॉलकॉट यांच्यावरही त्यांनी थोडा अन्यायच केला आहे. प्रगतीच्या कल्पनेवर आणि सनातनी श्रद्धेवर विसंबून वॉलकॉट यांनी प्राण्यांना बळेबळे जुन्या साच्यांत कोंबले, असा त्यांचा आरोप. तो पुष्कळसा खरा आहे. पण पुढील संशोधनाने चित्र बदलले. कॉन्वे मॉरिस यांनी १९७७ साली वर्णिलेला हॅलुसिजेनिया हा प्राणी काट्यांवर चालणारा अजब जीव म्हणून गूल्ड यांच्या ग्रंथात मिरवतो. १९९१ साली चीनमधील चेंगजियांग येथील जीवाश्मांच्या आधारे सिद्ध झाले की तो प्राणी उलटा धरला गेला होता. काटे पाठीवर होते आणि पाय खाली. तो आजच्या मखमली कृमींच्या दूरच्या नात्यातला ठरला. या कृमींची एक जात आपल्या देशात अरुणाचलच्या सियांग खोऱ्यात आढळते. ओपाबिनिया आणि अनोमॅलोकॅरिस यांचेही संधिपाद प्राण्यांशी नाते आता सर्वमान्य आहे. म्हणजे हे जीव परके नव्हते. ज्ञात कुळांच्या बुडख्याजवळच्या, पुढे वठून गेलेल्या फांद्या होत्या. पिकाइयाच्या एका धाग्यावर आपण लोंबकळत होतो, हेही आता म्हणता येत नाही. कारण १९९९ साली चेंगजियांगच्या ५१ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या थरांतून माशांसारख्या आणखी पुढारलेल्या प्राण्यांची वर्णने प्रसिद्ध झाली. श्रद्धावान वॉलकॉट यांचा तपशील चुकला, पण या जीवांना आजच्या सृष्टीत आप्तस्वकीय आहेत, ही त्यांची जाण अगदीच पोकळ नव्हती.

३. कॉन्वे मॉरिस यांचे उत्तर

गूल्ड यांच्या ग्रंथात जो तरुण संशोधक नायक म्हणून वावरतो, त्यानेच पुढे ग्रंथाचे खंडन करावे, ही गोष्ट शास्त्राच्या इतिहासात विरळा आहे. 'द क्रूसिबल ऑफ क्रिएशन' मध्ये काळातून मागे जाणाऱ्या एका पाणबुडीची कल्पना करून लेखकाने त्या समुद्राचे जिवंत दर्शन घडविले आहे. ते प्रकरण सुंदर उतरले आहे. गूल्ड यांच्यावरील टीकेचा सूर मात्र ठिकठिकाणी गरजेपेक्षा कडवट आहे.

'लाइफ्स सोल्यूशन' चा आधार निराळा. परस्परांशी जवळचे नाते नसलेल्या जीवांत सारखीच रचना पुन्हा पुन्हा का उद्भवते? माणसाचा डोळा आणि ऑक्टोपसचा डोळा, दोन्ही भिंग असलेले. पण दोघांच्या समाईक पूर्वजाला असा डोळा नव्हता. समुद्रात परतलेला प्राचीन सरपटणारा इक्थिओसॉर आणि सस्तन डॉल्फिन यांचा घाट एकच. ऑस्ट्रेलियातील शिशुधान लांडगा आणि इतरत्रचा लांडगा यांची डोकी सारखी. अशी उदाहरणे शेकड्यांनी देऊन ते म्हणतात की जीवसृष्टीपुढे मार्ग अनंत नाहीत. वाट कोठूनही धरा, मुक्काम तेच तेच. बुद्धी हाही असाच एक मुक्काम. या शरीराचा मनुष्य नसता, तरी त्याच्यासारखे विचार करणारे कोणीतरी येथे आलेच असते. शेवटच्या प्रकरणात ते उत्क्रांतीच्या ईश्वरविज्ञानाकडे वळतात. तेथे ते सावध आहेत. अशा अभिसरणाने देव सिद्ध होतो, असा दावा ते करीत नाहीत. विश्वासाशी ते सुसंगत आहे, एवढेच म्हणतात. त्यांच्या ग्रंथाचा हवाला देणाऱ्या अनेकांना हा विवेक राखता आलेला नाही.

ग्रंथ म्हणून हा वाचण्यास जड आहे. उदाहरणांचा ढीग इतका की युक्तिवादाचा धागा हातातून सुटतो. साम्ये मोजावयाची तर साम्याचा अभावही मोजावयास हवा होता. भिंगाचा डोळा किती वेळा उद्भवला हे कळते, पण जी रचना एकदाच उद्भवली आणि पुन्हा कधीच नाही, तिची मोजदाद त्या मानाने तोकडी आहे.

४. दोन्ही पक्षांची कसोटी

ही फीत पुन्हा चालवून पाहता येत नाही, असे आपल्याला वाटेल. लहान प्रमाणात ती चालविली गेली आहे. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ साली एकाच जिवाणूच्या बारा वसाहती बारा चंबूंत वाढविण्यास आरंभ केला. बाराही वसाहती बऱ्याच बाबतींत एकाच दिशेने बदलत गेल्या. येथे कॉन्वे मॉरिस यांची बाजू खरी ठरते. परंतु सुमारे साडेएकतीस हजार पिढ्यांनंतर एकाच चंबूतील जिवाणू प्राणवायूच्या सान्निध्यात सिट्रेटवर जगू लागले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गोठवून ठेवलेल्या जुन्या पिढ्यांपासून त्या वसाहतीचा इतिहास पुन्हा सुरू केला, तेव्हा ही क्षमता क्वचितच आणि केवळ उत्तरकालीन पिढ्यांपासूनच पुन्हा उद्भवली. आधी घडलेल्या काही आकस्मिक बदलांची पूर्वतयारी तिला लागत होती. येथे गूल्ड यांची बाजू खरी ठरते. कॅरिबियन समुद्रातील क्यूबा, जमेका आदी मोठ्या बेटांवरील सरड्यांनी प्रत्येक बेटावर स्वतंत्रपणे तेच ते प्रकार निर्माण केले, हेही आता सुप्रसिद्ध आहे. तात्पर्य, पुनरावृत्ती आणि आकस्मिकता दोन्ही खऱ्या आहेत, आणि बहुधा एकाच घटनेत गुंफलेल्या असतात.

प्राण्यांच्या आकारांवरून दृष्टी काढून पृथ्वीकडे वळविली तर हे अधिकच स्पष्ट होते. आपण जो प्राणवायू घेतो तो आरंभी वातावरणात नव्हता. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो साठू लागला, आणि त्याचे कर्ते सूक्ष्म सायनोबॅक्टेरिया. पाणी फोडून प्राणवायू मुक्त करण्याची ही युक्ती ज्ञात पुराव्यानुसार जीवसृष्टीला एकदाच साधली. आजच्या प्रत्येक झाडाच्या पानातील हरितकण त्याच कुळातले आहेत. ज्या जटिल पेशींपासून वनस्पती, प्राणी आणि मनुष्य झाले, त्यांचा उगमही एकदाच झालेला दिसतो. एकदा जागा व्यापली गेल्यावर दुसऱ्याला वाव राहिला नाही, असे यावर उत्तर देता येईल. ते अगदी अग्राह्य नाही. तरीही अभिसरणाच्या सिद्धांताला ही दोन उदाहरणे भारी पडतात, कारण बाकी सारे त्यांच्यावर उभे आहे. पुढे सुमारे ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात दोनदा हिमाने उष्ण कटिबंधापर्यंत पृथ्वी वेढली, आणि त्यानंतरच्या समुद्रांत प्राण्यांचा उदय झाला. कॉन्वे मॉरिस यांना पृथ्वीचे हे वैशिष्ट्य ठाऊक आहे. अशी पृथ्वी विश्वात दुर्मिळ असावी, असे ते स्वतःच म्हणतात. मग मनुष्य अटळ, पण जिच्यावर तो अटळ ती पृथ्वीच विरळा! जी आकस्मिकता पुढच्या दाराने घालविली, ती मागच्या दाराने घरात आली.

आपल्या पायाखालचा खडक हेच सांगतो. इंदूरच्या माळव्यापासून बेळगावपर्यंत पसरलेला काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला लाव्हारस. त्याच सुमारास मेक्सिकोतील युकातान येथे एक लघुग्रह आदळला. आघाताचा पुरावा आल्व्हारेझ पिता-पुत्र आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० साली मांडला, आणि पुढे चिक्शुलुब येथील विवर ओळखले गेले. पक्ष्यांचे पूर्वज वगळता डायनोसॉर नष्ट झाले. या संहारात लघुग्रहाचा वाटा मुख्य, असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या ज्वालामुखींनी हवामान किती बिघडविले याविषयी वाद चालू आहे. गूल्ड म्हणतील, तो दगड चुकला असता तर आपण नसतो. दुसरा पक्ष म्हणू शकेल की पुढे सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर हिम साचू लागले आणि जग थंडावले, तेव्हा उष्ण रक्ताच्या प्राण्यांना केव्हातरी वाव मिळालाच असता. दोन्ही म्हणणी तर्काला धरून आहेत. खडक त्यांच्यात निवाडा देत नाही.

५. ईश्वरविज्ञानाची बाजू

खडक निवाडा देत नाही म्हणून आपण अस्वस्थ होण्याचे कारण नाही. पवित्र शास्त्रात योगायोग हा देवाचा प्रतिस्पर्धी म्हणून कोठेही उभा केलेला नाही. मवाबी रूथ सरवा वेचावयास निघते आणि नेमकी बवाजाच्या शेतात जाते. रूथ २:३ मध्ये मूळ हिब्रूत योगायोग या अर्थाचा धातू आणि नाम एकापाठोपाठ आले आहेत, जणू लेखक त्यावर बोट ठेवीत आहे. त्या योगायोगातून दावीदाचा वंश पुढे चालतो. १ राजे २२ मध्ये एक अनामिक सैनिक सहज धनुष्य ओढतो, आणि मीखायाने सांगितलेले अहाबाचे मरण त्या बाणाने येते. मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली. दुसऱ्या बाजूस नियमिततेलाही शास्त्रात मान आहे: यिर्मया ३३ मध्ये दिवस आणि रात्र यांच्याशी केलेला देवाचा करार त्याच्या विश्वासूपणाची खूण म्हणून सांगितला आहे. कॉन्वे मॉरिस यांना दिसलेली पुनरावृत्ती त्या कराराच्या जातीची आणि गूल्ड यांना दिसलेली आकस्मिकता त्या चिठ्ठ्यांच्या जातीची, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

ख्रिस्ती विचारपरंपरेलाही हे नवीन नाही. थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच प्रतिपादन केले की ईश्वरी योजना सर्वच गोष्टींवर अपरिहार्यता लादीत नाही. काही गोष्टी अपरिहार्यपणे तर काही आकस्मिकपणे घडाव्यात, अशीच ती योजना असते. १८६० साली डार्विन आणि त्यांचे ख्रिस्ती मित्र आसा ग्रे यांच्या पत्रव्यवहारात हाच प्रश्न घोळत होता: नियम योजलेले आणि तपशील मोकळा, असे असू शकेल काय? डार्विन यांचे त्यावर पूर्ण समाधान झाले नाही. पण प्रश्न त्यांनी गूल्ड यांच्यापेक्षा अधिक खुला ठेवला होता, असे आम्हांस वाटते.

ज्या जाती उरल्या नाहीत त्यांचे काय? पृथ्वीवर होऊन गेलेल्या जातींपैकी नव्याण्णव टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्या, असा अंदाज आहे. मनुष्य हेच सृष्टीचे एकमेव प्रयोजन मानले, तर ही सारी उधळपट्टी ठरते. ईयोबाच्या ३८ ते ४१ या अध्यायांत मात्र देव ईयोबाला, ज्यांचा मनुष्याला काडीचाही उपयोग नाही, असे प्राणी एकामागून एक दाखवितो, आणि जेथे मनुष्यवस्ती नाही तेथे आपण पाऊस पाडतो असे सांगतो. ओपाबिनियाचे पाच डोळे पाहावयास पन्नास कोटी वर्षांपूर्वी मनुष्य नव्हता, निर्माता होता. एवढे म्हणावयास आपल्याला कोणत्याही अभिसरणाची गरज नाही.

६. पाळकीय निष्कर्ष

हा वाद केवळ ग्रंथांतला नाही. आपल्या मंडळीत अपघाती मृत्यू होतो, तेव्हा आपण काय बोलतो यावर त्याचा परिणाम होतो. सर्व काही आधीच अटळ ठरलेले, असे मानणारा उपदेशक शोकाकुल घरात जाऊन 'देवाची इच्छा' एवढे दोन शब्द बोलतो आणि आईच्या अंतःकरणावर धोंडा ठेवतो. आकस्मिकता देवाच्या हाताबाहेरची, असे मानणाऱ्याजवळ तर बोलावयास काहीच उरत नाही. प्रभूने शिलोहातील बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयी दिलेले उत्तर (लूक १३:४) या दोहोंहून वेगळे आहे. ते इतरांहून अधिक पापी होते, हे तो नाकारतो. त्या दुर्घटनेला तो कोणताही गूढ अर्थ चिकटवीत नाही. ऐकणाऱ्यांना मात्र देवाकडे वळण्यास बोलावितो.

या संदर्भात एक नाव आठवते. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरच्या परिसरातील खडक आणि जीवाश्म यांचा अभ्यास केला, आणि रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह तो १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लाव्हाच्या दोन थरांमधील तळ्यांच्या गाळात कोणते जीव होते, याविषयीचे आरंभीचे ज्ञान आपल्याला त्यांच्याकडून मिळाले. सुवार्तेची सेवा आणि खडकांचा अभ्यास यांत त्यांना विरोध दिसला नाही. १८६३ साली नागपूरजवळ पुराच्या पाण्यात बुडून, पन्नाशीही न गाठता, ते मरण पावले. असल्या मरणाला आपण अटळ योजनेचे गणित म्हणून समजावून देऊ नये, आणि निरर्थकही म्हणू नये. एका ओढ्याच्या पुराने जे हिरावले ते देवाच्या हातून निसटले नाही, हा आपला विश्वास आहे. आणि त्याचा आधार खडकात नसून रिकाम्या कबरेत आहे. वधस्तंभ हा मनुष्यांच्या हातून घडलेला अन्याय होता, आणि त्याच घटनेत देवाचा संकल्प पूर्ण झाला, असे प्रेषितांची कृत्ये २:२३ आपल्याला एका दमात सांगते. दोहोंपैकी एक विधान खोडून दुसरे सोपे करण्याची मुभा आपल्याला नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. तरुणांशी बोलणाऱ्या पाळकांनी आधी 'वंडरफुल लाइफ' वाचावे, मग 'द क्रूसिबल ऑफ क्रिएशन'. गूल्ड यांची पुस्तकी चित्रे पुढे सुधारली गेली आहेत हे ध्यानात ठेवावे, विशेषतः हॅलुसिजेनिया उलटा दाखवू नये! 'लाइफ्स सोल्यूशन' चे शेवटचे प्रकरण स्वतंत्रपणेही वाचता येईल. गूल्ड यांना नास्तिकांचे वकील ठरवून त्यांच्यावर संदेश रचू नये. धर्म आणि विज्ञान यांची क्षेत्रे निराळी असून दोहोंना मान द्यावा, असे त्यांनी १९९९ सालच्या 'रॉक्स ऑफ एजेस' मध्ये आदराने लिहिले आहे, मग त्यांची वाटणी आपल्याला पुरी पटो वा न पटो. आणि कॉन्वे मॉरिस यांची यादी देवाच्या अस्तित्वाचा दाखला म्हणून वाचून दाखवू नये. उद्या त्या यादीतील दहा उदाहरणे रद्द झाली, तर ऐकणाऱ्याच्या विश्वासातील दहा विटा निखळतील. नैसर्गिक गोष्टींविषयी ख्रिस्ती माणसाने जाणत्यांपुढे अज्ञानाने बोलून शास्त्राचे हसे करू नये, असा इशारा ऑगस्टिन यांनी उत्पत्तीवरील आपल्या भाष्यात देऊन ठेवला आहे. सोळाशे वर्षे झाली तरी तो शिळा झालेला नाही.

रूथ सरवा वेचावयास गेली तेव्हा पुढे काय होणार हे तिला ठाऊक नव्हते, आणि ते शेत कोणाचे हेही नव्हते. तरुणाने आपला प्रश्न विचारला तर त्याच्यासमोर ही कथा उघडावी. खडक वाचण्यास शिकविणारे त्याला भेटतील. योगायोगातही विश्वासू राहणाऱ्या देवाची ओळख करून देण्याचे काम आपले आहे.